मोटारीचा ब्रेक आणि पोलादी जाळीची नळी

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने गोव्यास जाणारा रस्ता चोर्ल्याजवळ सह्याद्री उतरू लागतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, आणि वळणामागून वळणे. गेल्या मे महिन्यात आमच्या १९६८ सालच्या फियाट ११०० गाडीतून आम्ही सहकुटुंब साखळीस लग्नाला निघालो होतो. घाट निम्मा उतरला असेल-नसेल, तोच गाडी डावीकडे ओढू लागली. पेडलवरून पाय काढला तरी ओढ कमी होईना. पाठोपाठ जळल्याचा वास आला. गाडी कडेला घेऊन पाहतो तो पुढचे डावे चाक हात लावता येऊ नये इतके तापलेले, उजवे मात्र नुसते कोमट. बरोबरच्या मंडळींपैकी एकाने पाण्याची बाटली पुढे केली. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतले तर त्यास तडा जाण्याचे भय असते, म्हणून ती आम्ही परत केली आणि तासभर झाडाखाली बसून राहिलो. मग खालच्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने उतरलो. लग्नाचा मुहूर्त चुकला, जेवण तेवढे मिळाले.

त्यापूर्वी तीनच महिने एका कारखान्यात गाडी तपासून घेतली होती आणि 'ब्रेक उत्तम आहेत' असे उत्तर मिळाले होते. ते उत्तर खोटे नव्हते, पण वरवरचे होते. ते कसे, हे समजण्यासाठी मोटार थांबते कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पास्कलचा नियम ठाऊक आहेच. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखा पोहोचतो. सतराव्या शतकातील या फ्रेंच पंडिताचा नियम मोटारीच्या चाकांपर्यंत पोहोचण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. आरंभीच्या गाड्यांत सळया व तारा ओढून ब्रेक लावीत. एक तार सैल आणि दुसरी ताठ झाली की गाडी तिरकी जाई. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक बसविण्यात आले आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली.

आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. पायाने ३० किलोचा भार दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो भार येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर मानल्यास तेलातील दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो होईल. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथे २०० किलोचा रेटा मिळतो आणि ब्रेकचे 'शू' ड्रमच्या आतल्या बाजूवर दाबले जातात.

हे तेल बहुतेक वाट धातूच्या बारीक नळ्यांतून चालते. परंतु चाके खड्ड्यांत वरखाली होतात आणि पुढची चाके वळतातही. तेथे ताठ नळी तुटेल. म्हणून पुढच्या दोन चाकांजवळ एकेक आणि मागच्या आसाकडे एक, अशा तीन ठिकाणी वीतभर लवचीक नळी लागते. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाडीत चारही चाकांचे तेल एकाच मार्गाने जोडलेले असते. तीनपैकी एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढील काळातील गाड्यांत हा मार्ग दोन स्वतंत्र भागांत विभागला गेला, तो याच कारणाने.

घरी परतल्यावर मिस्त्रींनी डावी नळी काढून आमच्यासमोर चाकूने उभी चिरली. बाहेरून तिला एकही भेग नव्हती. आत मात्र रबर फुगून भोक इतके बारीक झाले होते की टाचणी अडखळत जावी. ब्रेक दाबताना पायाचा जोर मोठा असतो, त्यामुळे तेल त्या चिंचोळ्या वाटेतून चाकाकडे ढकलले जाई. पाय काढल्यावर तेल मागे ढकलायला 'शू'च्या स्प्रिंगांचा जोर पुरत नसे. तेल चाकाशीच अडकून राही, 'शू' ड्रमला घासत राहत आणि चाक तापे. बाहेरून पाहणाऱ्याला हे दिसणार कसे?

नव्या नळ्या घ्यायच्या हे ठरले. पण फियाट ११०० चीच पुढे पद्मिनी झाली आणि पद्मिनीचे उत्पादनही थांबून बरीच वर्षे लोटली. तिच्या नळ्या मिळतात, पण दुकानाच्या फडताळात किती वर्षे पडून आहेत हे सांगता येत नाही. रबर न वापरताही म्हातारे होते. म्हणून आम्ही पोलादी जाळीच्या नळ्यांचा विचार केला. हिच्या आत टेफ्लॉनची पातळ नळी असते. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला दुसराच शोध घेताना अवचित सापडला. ब्रेक ऑइलने तो फुगत नाही. मात्र एवढी पातळ नळी एकटी दाब सोसणार नाही, म्हणून तिच्यावर न गंजणाऱ्या पोलादाच्या तारांची वेणी घट्ट विणलेली असते. विमानांत व शर्यतीच्या मोटारींत अशा नळ्या फार पूर्वीपासून वापरात आहेत.

विकणारे म्हणतात, या नळ्यांनी ब्रेकचा जोर वाढतो. विद्यार्थ्यांनी वरचे गणित पुन्हा पाहावे. त्यात नळीचा आकडा कोठेच नाही. ३० किलोचे २०० किलो व्हायचे ते तेवढेच होणार. फरक पडतो तो पेडलच्या चालीत. दाबाखाली प्रत्येक रबरी नळी ०.३ घन सेंटिमीटरने फुगली असे धरा. तीन नळ्यांत मिळून ०.९ घन सेंटिमीटर तेल वाया जाईल. तेवढे भरून काढायला ३ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या ३ मिलिमीटर जास्त सरकावा लागेल आणि तरफेच्या हिशेबाने पेडल १५ मिलिमीटर अधिक खाली जाईल. जाळीची नळी फार थोडी फुगते, म्हणून पेडल पायाला टणक लागते. याहून अधिक तिच्याकडे मागू नये.

पहिला संच टपालाने मागविला, तो फसला. एक जोड तीन फेरे सुरळीत फिरला आणि मग अडला. मिस्त्रींनी लगेच हात थांबविला, नाहीतर आटे खलास झाले असते. एका पद्धतीत व्यास १० मिलिमीटर व आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असते. दुसरीत व्यास ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर, आणि इंचात २४ आटे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि उलटसुलट बसविले तर कधी बसतातही, पण घाटात सुटतात. विक्रेत्याने चूक मान्य केली नाही. दुसऱ्या वेळी जुन्या नळ्या सोबत पाठवून, लांबी व आटे मोजून, टोके यंत्राने दाबून बसविलेल्या आणि दाबाखाली तपासलेल्या नळ्या करवून घेतल्या.

बसविताना तांब्याचे वायसर नवे घातले, जुने ब्रेक ऑइल टाकून दिले, आणि चाकाजवळची निपल सैल करून हवेचा शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत पेडल मारले. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. बुडबुडा राहिला तर पोलादी नळीवरचा सारा खर्च पाण्यात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषून घेते. 'डॉट ३' जातीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर उतरते. आमच्यासारखे गृहस्थ ते दहा-दहा वर्षे बदलत नाहीत.

या नळीचा एक दुर्गुण बसवितानाच ध्यानात आला. पोलादी वेणी कानशीसारखी असते. ती शेजारच्या नळीला किंवा टायरला घासली तर शेजाऱ्याला कापत जाते. तारांत शिरलेली रेती आतल्या टेफ्लॉनला कुरतडते, आणि रबरावर दिसते तशी भेग येथे दिसत नाही. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टण असलेल्या नळ्या घेतल्या आणि चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून त्या कोठे टेकत नाहीत हे पाहिले.

नंतर मोकळ्या माळावर ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी थांबवून फितीने अंतर मोजले. नव्या रबरी नळ्या बसविलेल्या एका स्नेह्यांच्या फियाटशी तुलना केली, तो फरक मापनातील चुकीत जिरून जाईल एवढाच निघाला. स्नेह्यांचा खर्च आमच्याहून पुष्कळ कमी झाला होता, हेही नमूद केले पाहिजे.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा चोर्ला उतरलो. पायथ्याशी गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढची दोन्ही सारखी गरम, मागची जराशी कमी. चिरलेली जुनी नळी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवली आहे, शेजारी टाचणीही आहे.