लॅटिनमधील धातुसाधित विशेषणे

आबिड्सच्या रस्त्याने जाताना पाट्यांवर ‘एजंट’ हा शब्द आपण वाचतो. सभेच्या सूचनेत ‘अजेंडा’ असतो. हे दोन्ही शब्द इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आले; परंतु त्यांचे मूळ ‘चालविणे, करणे’ या अर्थाच्या ‘अगेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे.

त्यापासून चार विशेषणे होतात : ‘अगेन्स’ म्हणजे करीत असलेला, ‘आक्तुस’ केलेला, ‘आक्तूरुस’ करणार असलेला आणि ‘अगेन्दुस’ करावयाचा. ‘अगेन्दुस’चे नपुंसकलिंगी अनेकवचन ‘अगेन्दा’, म्हणजे करावयाच्या गोष्टी.

यांपैकी शेवटची तीन नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात : आक्तुस, आक्ता, आक्तुम, जसे आपले केलेला, केलेली, केलेले. ‘अगेन्स’ मात्र प्रथमेच्या एकवचनी तिन्ही लिंगांत सारखेच राहते. त्यात लपलेला ‘त’ षष्ठीत प्रकट होतो : ‘अगेन्तिस’. संस्कृतातील ‘गच्छन्’ आणि द्वितीयेचे ‘गच्छन्तम्’ येथे आठवावे. ‘एजंट’मधील ‘ट’ तो हाच.

विभक्तीकडे दुर्लक्ष केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. ‘पुएर मात्रेम वोकान्तेम आउदित’ म्हणजे आई हाक मारीत आहे आणि मुलगा ती ऐकतो. येथे ‘मात्रेम’ द्वितीयेत आहे, म्हणून विशेषणही द्वितीयेत. ‘वोकान्तेम’ऐवजी ‘वोकान्स’ लिहिले की हाक मारणारा मुलगाच ठरतो! म्हणून प्रथमेबरोबर षष्ठीही पाठ करावी, आणि वाक्य लावताना विशेषण कोणत्या नामाशी जुळते हे आधी पाहावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.