विद्यापीठाची खरेदी आणि निविदेची भाषा

कार्यालयीन पत्रांनंतर आता आपण अशा लेखनाकडे वळू, ज्यातील एका शब्दाची किंमत रुपयांत मोजावी लागते. तुमच्या हातातील पुस्तिकेसारखी पुस्तिका काढायची, तरी कागद, छपाई, बांधणी विकत घ्यावी लागते. पैसा सार्वजनिक असल्याने ही निवड कुणा एकाच्या पसंतीवर सोडता येत नाही.

विभाग मागणीपत्र देतो, लेखा शाखा तरतूद तपासते. रक्कम लहान असेल तर दरपत्रके मागवितात, मोठी असेल तर ई-निविदा निघते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार मोठ्या खरेदीसाठी खरेदी समिती असते. द्विलिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडतात. त्यात पात्र ठरलेल्यांचेच दर पुढे पाहिले जातात आणि सामान्यतः सर्वांत कमी दराच्या निविदाकारास पुरवठा आदेश मिळतो.

मात्र सर्वांनी एकाच वस्तूचा दर दिला असेल, तरच दरांची तुलना होऊ शकते. ग्रंथालयासाठी ‘उत्तम दर्जाची मजबूत लोखंडी कपाटे’ मागविली, असे समजा. एकाने जाड पत्रा गृहीत धरला, दुसऱ्याने पातळ. खोटे कुणीच बोलले नाही. पण स्वस्त कपाट नाकारण्यास समितीकडे आधार नाही, कारण ‘मजबूत’ मोजता येत नाही. म्हणून विनिर्देशात पत्र्याची जाडी, कप्प्यांची संख्या, प्रत्येक कप्प्याने पेलावयाचे वजन लिहावे लागते. अर्थात आकडेही पक्षपाती असू शकतात. कपाटाची रुंदी विनाकारण नेमकी ९१७ मिलिमीटर मागितली आणि ती एकाच उत्पादकाकडे मिळत असली, तर स्पर्धा केवळ कागदावर उरते.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. ‘पुरवठादाराने माल ३० दिवसांत पोहोचवावा’ या वाक्यातील विध्यर्थ मराठीत आज्ञा, सल्ला आणि विनंती या तिन्हींसाठी चालतो. ‘कृपया बसावे’ यातही तोच आहे. विलंबाचा दंड आकारताना ही संदिग्धता वादाला जागा देते. ‘पोहोचविणे बंधनकारक राहील’ ही रचना निबंधात मी खोडली असती. निविदेत ती राहू द्यावी. ३० दिवस आदेशाच्या दिनांकापासून मोजायचे की आदेश मिळाल्यापासून, हेही लिहावे.

‘निविदा मागविण्यात येत आहेत’ या कर्तृलोपाने फारसे बिघडत नाही, कारण खाली अधिकाऱ्याचे पदनाम असते. ‘मालाची तपासणी करण्यात येईल’ हे मात्र धोक्याचे. कोण करणार? उत्तर नसेल तर माल भांडारात पडून राहतो आणि पुरवठादाराचे देयक अडकते. लहान व्यावसायिकाला ही थकबाकी फार जड जाते. येथे कर्ता स्पष्ट हवा: ‘भांडारपाल आणि संबंधित विभागप्रमुख माल मिळाल्यापासून सात दिवसांत संयुक्त तपासणी करतील.’

स्वाध्याय : पुढील वाक्यातील संदिग्ध शब्द अधोरेखित करा आणि निविदेतील अट म्हणून ते पुन्हा लिहा.
‘प्रत्येक अभ्यासकेंद्रात चांगल्या प्रतीचे जलशुद्धीकरण यंत्र लवकरात लवकर बसवून मिळावे व दुरुस्तीची योग्य सोय असावी.’