बेरोजगार भत्ता आणि रोजगाराचा हक्क

काम मागणाऱ्यास काम देता आले नाही तर त्यास भत्ता द्यावा, आणि देऊ केलेले काम त्याने स्वीकारले नाही तर तो भत्ता काही काळ रोखावा, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आढळते. भत्ता रोखल्याने माणूस लवकर कामाला लागतो, असे त्यामागील गृहीत असते. हे गृहीत कितपत खरे आहे? धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नसून मजुराच्या चुलीशी निगडित आहे.

महाराष्ट्राची परंपरा

रोजगाराची हमी ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीतली होय. श्री. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळाने तिची निकड पटवून दिली. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याने त्या दुष्काळाची झळ तीव्रतेने सोसली. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम अल्प होती. परंतु काम न मिळणे हा मजुराचा दोष नव्हे, हे तीमुळे कायद्याने मान्य झाले.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हाच धागा पुढे नेला. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एकचतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा भत्ता त्यात विहित होता. त्याबरोबर शिस्तीचा नियमही होता. देऊ केलेले काम न स्वीकारणारा, सूचना मिळूनही पंधरा दिवसांत हजर न होणारा, अथवा परवानगीवाचून सलग आठवड्याहून अधिक किंवा एका महिन्यात एकूण आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा अर्जदार तीन महिने भत्त्यास अपात्र ठरत असे. मात्र या काळातही त्याचा काम मागण्याचा हक्क अबाधित राही. भत्ता थांबे, परंतु कामाचे दार बंद होत नसे. हा भेद या नियमाचा गाभा होता.

परदेशांतील अनुभव

ब्रिटनमध्ये १९२१ नंतर, आपण मनापासून काम शोधत आहोत हे सिद्ध करण्याचा भार बेकारांवर टाकण्यात आला. जेथे कामच नव्हते तेथेही पुरावा मागितला जाई. १९३० मध्ये ही अट रद्द करावी लागली. २०१२ मध्ये त्याच देशाने भत्ता तीन वर्षांपर्यंत रोखण्याची तरतूद केली आणि २०१९ मध्ये ती मर्यादा सहा महिन्यांवर आणली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील शासकीय मूल्यमापनात असे दिसले, की भत्ता रोखलेल्या व्यक्ती इतरांच्या तुलनेने उशिरा कामाला लागल्या व त्यांची कमाईही कमी राहिली.

दुसरी बाजूही नमूद करणे उचित होय. नेदरलँड्स व स्वित्झर्लंड येथील अभ्यासांत भत्ताकपातीनंतर लोक भत्त्याच्या यादीतून लवकर बाहेर पडल्याचे आढळले. परंतु स्वित्झर्लंडमधील पुढील अभ्यासात अशांना मिळालेली कामे कमी मिळकतीची असल्याचेही दिसून आले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी निर्वाहभत्त्यातील तीस टक्क्यांहून अधिक कपात घटनाबाह्य ठरविली. तात्पर्य, धाक माणसाला घाईने हलवितो. चांगल्या कामापर्यंत पोचवितोच असे नाही.

जिल्ह्यातील वस्तुस्थिती

युरोपातील भत्ता हे निर्वाहाचे साधन असते. आपल्याकडील भत्ता प्रारंभी मजुरीच्या चौथ्या हिश्शाइतका. पाव मजुरीसाठी पूर्ण मजुरीचे काम कोणी सहसा सोडत नाही. म्हणून येथे मजूर कामावर का आला नाही, याचे कारण आळसात शोधण्यापूर्वी अन्यत्र शोधले पाहिजे.

भूम, परांडा, वाशी व कळंब या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. समजा, एखाद्या कुटुंबाने सप्टेंबरअखेर काम मागितले. मुदतीत काम निघाले नाही. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या वाटेला लागले. त्यानंतर कामाची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. दप्तरात 'काम देऊनही गैरहजर' अशी नोंद होईल. मूळ विलंब कोणाचा, हे त्या नोंदीत दिसणार नाही. घरी राहिलेल्या वृद्धांपर्यंत मात्र तिचा परिणाम पोचेल.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. २००५ च्या कायद्यान्वये अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा, तर बेरोजगार भत्त्याचा भार राज्याचा होता. त्यामुळे अर्जाची तारीखवार पोच देणे म्हणजे दायित्व ओढवून घेणे, अशी समजूत होऊ शकते. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? आणि मुदतच मोजली गेली नाही, तर भत्ताही नाही व त्यासंबंधीचा न्यायही नाही.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून हमीचे दिवस १२५ केले. कायदा बदलला तरी गावपातळीवरील कसोट्या त्याच राहतात. प्रत्येक मागणी अर्जाची तारखेसह पोच त्याच दिवशी द्यावी. कामाची सूचना फलकावर लावून न थांबता ती कुटुंबाच्या हाती पोचल्याची खात्री करावी. गैरहजेरीची नोंद करण्यापूर्वी आजार, बाळंतपण, स्थलांतर, कामाचे अंतर यांपैकी कोणते कारण होते, ते विचारावे व लिहून ठेवावे. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कामे निघतील, असे नियोजन करावे. अर्ज भरताना निरक्षर मजुरांना साहाय्य करण्याचे कार्य शिक्षकांना सहज करता येण्यासारखे आहे.

शिस्त आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ती दोन्ही बाजूंना लागू असावी. मजुराच्या पंधरा दिवसांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेने आपल्याही पंधरा दिवसांचा हिशेब त्याच काटेकोरपणे ठेवला पाहिजे. गावाजवळचे काम आणि वेळेवर मिळणारी मजुरी यांनी जे साधते, ते भत्ता रोखून साधत नाही.