एक केबल, दोन सिग्नल

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. इलेक्टिव्ह म्हणून बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं आणि त्यात मला सगळ्यात जास्त आवडलेलं सर्किट म्हणजे आपला कान!

मित्रांनो, आधी एक प्रयोग करा. हा अंक समोर धरा आणि 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी मान पटापट हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून अंक तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट! डोळे तेच, वेगही तोच. मग फरक कशाचा? उत्तर कानात आहे.

अंतर्कर्णात दोन यंत्रं शेजारी-शेजारी बसलेली असतात. शंखासारखा गुंडाळलेला कॉक्लिआ ऐकण्यासाठी, तर तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या तोलासाठी. नलिका एकमेकींशी साधारण ९० अंशांत, म्हणजे आपले एक्स, वाय, झेड अक्षच! त्या डोक्याचं फिरणं मोजतात. पिशव्या गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतला वेग-बदल. सगळीकडे सेन्सर एकाच जातीचा: केसपेशी. तिचे सूक्ष्म केस वाकले की विद्युत सिग्नल तयार होतो. दोन्हींचे सिग्नल एकाच केबलमधून, म्हणजे आठव्या मज्जातंतूतून, मेंदूच्या देठापर्यंत जातात. तिथून वाटा वेगळ्या.

ऐकण्याची वाट वर जाते. आवाज डावीकडून आला तर उजव्या कानाला तो फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मेंदूच्या देठातच दोन्ही कानांच्या सिग्नलची तुलना होते आणि एवढ्याशा फरकावरून दिशा कळते. पुढे मध्यमेंदू, थॅलॅमस असे थांबे घेत सिग्नल कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या श्रवणकेंद्रात पोचतो. दोन्ही कानांची माहिती मेंदूच्या दोन्ही बाजूंना जाते, त्यामुळे एका बाजूच्या श्रवणकेंद्राला इजा झाली तरी कुठलाच कान बहिरा होत नाही. कॉक्लिआ किंवा मज्जातंतू गेला, तर मात्र तो कान गेलाच.

तोलाचा सिग्नल मुख्यतः लहान मेंदूकडे, मान-पायांच्या स्नायूंकडे आणि डोळ्यांकडे जातो. डोळ्यांच्या वाटेवर फक्त तीन न्यूरॉन! डोकं उजवीकडे वळलं की साधारण १० मिलिसेकंदांत डोळे तेवढेच डावीकडे. अंक हलतो तेव्हा मात्र डोळ्यांना बघून मागे जावं लागतं. त्या फीडबॅकला १०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आपल्या प्रयोगाचं उत्तर हेच.

हे सर्किट बंद पडलं तर? स्ट्रेप्टोमायसिनमुळे तोलाची इंद्रियं निकामी झालेल्या एका डॉक्टराने १९५२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं किंचित हलायचं आणि पुस्तकातली अक्षरं उड्या मारायची. वाचण्यासाठी त्याला डोकं पलंगाच्या दांड्यांना टेकवून घट्ट धरावं लागे.

आता हिशेब बघा. एका कॉक्लिआत मेंदूला आवाज कळवणाऱ्या केसपेशी जेमतेम ३,५००. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट त्यांना वगळून थेट मज्जातंतूला करंट देतं, पण तिथे इलेक्ट्रोड दोन डझनांच्या आतबाहेर.

८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास, ही अमेरिकेतल्या नायोश संस्थेने कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! गॅदरिंगला जरूर नाचा, पण स्पीकरच्या भिंतीपासून लांब. या सेन्सरला स्पेअर पार्ट मिळत नाही.