तटस्थ भूमीवरून निघालेलीं जहाजें

वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचें नांव आपल्या वऱ्हाडांत अपरिचित नाहीं. शेतकीचें शास्त्र शिकावयास ते अमेरिकेंत गेले व तेथें १९१३ सालीं स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या कार्यांत पडले. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यांतील मुलांस त्यांचें मक्याविषयींचें संशोधनहि केव्हां तरी सांगावयास हवें. आज मात्र त्या पक्षावरील खटल्याविषयीं लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

मार्च १९१५ मध्यें ‘ॲनी लार्सन’ हें जहाज जर्मनांच्या पैशानें घेतलेलीं शस्त्रें भरून सान दिएगोहून निघालें. सोकोरो बेटापाशीं तीं ‘मॅव्हरिक’ जहाजावर चढवून हिंदुस्थानाकडे न्यावयाचीं होतीं. परंतु पिण्याचें पाणी सरलें, पहिलें जहाज निघून गेलें, आणि दुसरें मागाहून येऊन पोंचलें! जूनमध्यें तीं शस्त्रें अमेरिकन सरकारनें जप्त केलीं.

आतां कोणी विद्यार्थी विचारील कीं, स्वातंत्र्यासाठीं झटणें हा अमेरिकेंत गुन्हा कसा? तेथील १७९४ च्या कायद्यानें, ज्या राष्ट्राशीं अमेरिकेचा सलोखा आहे त्यावर अमेरिकेच्या भूमीवरून सशस्त्र मोहीम काढणारास तीन वर्षांपर्यंत कैद ठरविली होती. हेतु चांगला कीं वाईट, हें तो कायदा पाहतच नसे.

पाहत असत ते पंच. १८०६ सालीं स्पेनच्या अंमलाखालील व्हेनेझुएला सोडविण्यासाठीं मिरांडा ‘लिअँडर’ जहाजांतून न्यूयॉर्कहून निघाला. त्यास साह्य केल्याबद्दल स्मिथ व ऑग्डेन यांवर खटले झाले. अध्यक्षांस सर्व ठाऊक होतें, हा त्यांचा बचाव. अध्यक्षांसहि कायदा बाजूस सारतां येत नाहीं, असें न्यायाधीश पॅटरसन यांनीं बजाविलें. तरीहि पंचांनीं दोघांस निर्दोषी ठरविलें.

सान फ्रान्सिस्को येथें नोव्हेंबर १९१७ मध्यें हिंदी व जर्मन आरोपींचा खटला उभा राहिला, तेव्हां वारें फिरलें होतें. एप्रिलपासून अमेरिका इंग्लंडच्या बाजूनें युद्धांत उतरली होती. मिरांडाच्या साह्यकर्त्यांस लाभलेली सहानुभूति या आरोपींस लाभावी तरी कशी? एप्रिल १९१८ मध्यें २९ जण दोषी ठरले. त्याच सुमारास भर न्यायालयांत रामसिंग या आरोपीनें पक्षाचे पुढारी रामचंद्र यांस गोळी घातली, आणि मार्शलनें रामसिंगास तेथेंच ठार केलें.

खानखोजे त्या कठड्यांत नव्हते. महायुद्धाच्या काळांत ते इराणकडील लढ्यांत गुंतले होते. पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत ते शिकवूं लागले.