समाजमाध्यमांचे आकर्षण : एक मानसशास्त्रीय विचार

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे वाक्य समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला आपल्या कानावर पडते. परीक्षेत आपण ते लिहितो आणि विसरून जातो. समाजमाध्यमांचे आकर्षण इतके प्रबळ का, याचा विचार करू लागलो तेव्हा मला ते पुन्हा आठवले. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप यांनी माणसाला नवी भूक लावलेली नाही. आपली कोणी तरी दखल घ्यावी, ही भूक फार जुनी आहे. गावात ती पारावर भागत असे, चाळीत गॅलरीत भागत असे. मी राहतो त्या डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरून सकाळी लोकल गाठायला निघालेली कितीतरी माणसे रात्रीच घरी परततात. शेजाऱ्याकडे बसायला त्यांना सवड नसते. गाडीच्या गर्दीत उभ्याउभ्या फोन मात्र उघडता येतो. ओढीचे मूळ येथे आहे.

परंतु ओढ वेगळी आणि व्यसन वेगळे. ओढीचे व्यसन कसे होते, हे समजण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे वळावे लागते. फर्स्टर यांच्यासह त्यांनी १९५७ साली प्रबलनाच्या प्रकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगपेटीतील कबुतराने बटणावर चोच मारली की दाणे मिळत. दर वेळी मिळणारे दाणे बंद केले, तर कबुतर थोड्याच वेळात चोच मारणे सोडून देई. पण दाणे कधी लवकर, कधी उशिरा, असे बेभरवशाने मिळू लागले की ते सारखे टोचत राही, आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नसे. जुगाराच्या यंत्राचे तत्त्व हेच. आपण फोन उघडतो तेव्हा कधी मित्राचा निरोप असतो, कधी काहीच नसते. म्हणूनच पुन्हा उघडतो. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले आणि दखल आकड्यांत मोजता येऊ लागली.

दुसरे कारण म्हणजे शेवट नसणे. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते, कट्ट्यावरची मंडळी जेवायला उठतात. पडद्यावरचा मजकूर बोटाने सरकवत राहिले तरी संपत नाही. ही रचना आझा रास्किन यांनी २००६ साली तयार केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे असल्याने आपण जितके रेंगाळू तितका त्यांचा लाभ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेम खेळण्याचा विकार नोंदलेला आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनाला तेथे स्वतंत्र रोगाचे स्थान नाही. तेव्हा फोन हाती दिसताच कुणाला रोगी ठरवणे बरोबर नाही.

‘मनोनिग्रह करा’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. तासाची बदललेली वेळसुद्धा वर्गाच्या ग्रुपवर कळते. एकट्याने फोन बाजूला ठेवला तर तो एकटाच मागे पडतो. सर्वांनी मिळून ठेवला तर कोणीच मागे पडत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली नेमके हेच केले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि घरोघरी मोबाइल व दूरदर्शन संच दीड तास बंद ठेवले जात. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचत किंवा बोलत. सरपंच व ग्रामस्थांनी एकत्र ठरवले, म्हणून ते शक्य झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या महाविद्यालयाला असा एक तास ठरवणे अवघड नाही. मधल्या सुट्टीत उपाहारगृहातील एकेका टेबलापासून आरंभ करता येईल. सूचनाफलकावर तासांचे बदल पूर्वीसारखे वेळेवर लागावेत, एवढे साहाय्य प्राध्यापकांनी करावे. दखलीची भूक राहणारच. समोर बसलेल्या मित्राकडून ती भागते का, हे आपण महिनाभर एकत्र करून पाहावे, असे मला वाटते.