वऱ्हाडातील यात्रा आणि पिण्याचे पाणी

श्री संत गजानन महाराजांच्या चरित्रातील अकोलीच्या विहिरीची कथा वऱ्हाडात लहानथोरांस ठाऊक आहे. दासगणू महाराजांनी 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात ती सांगितली आहे. भर उन्हात तहानलेले महाराज अकोलीच्या शिवारात येतात आणि शेतात काम करणाऱ्या भास्कर पाटलांकडे पाणी मागतात. भास्कर पाणी देण्याचे नाकारतात. पुढे बारा वर्षे कोरड्या पडलेल्या विहिरीला पाणी लागते आणि तेच भास्कर महाराजांचे निष्ठावंत शिष्य होतात. कथेचा भक्तिपर अर्थ सर्वश्रुत आहे. तिच्यातील एका साध्या तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. भास्करांनी ती घागर स्वतः वाहून आणली होती आणि जवळपास दुसरे पाणी नव्हते. त्यांचा नकार कठोर खरा. पण उन्हाळ्यात या प्रांतात एका घागरीचे मोल काय असते, हे त्या नकारातूनच कळते.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतून पायदळ जाणाऱ्या भाविकांना आजही याच उन्हाशी गाठ घालावी लागते. चैत्रात रामनवमीस शेगावकडे निघणाऱ्या दिंड्या, ज्येष्ठात पंढरपूरसाठी निघून अकोल्यावरून जाणारी श्रींची पालखी, श्रावणातील कावडयात्रा, या सर्वांत चालण्याचे श्रम व पाण्याची गरज एकत्र येतात. अकोल्याची गणना देशातील अतिशय तप्त शहरांत होते. मे २०२० मध्ये येथील पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. उन्हासाठी जमावबंदी ही गोष्ट मागील पिढीस चमत्कारिक वाटली असती.

वऱ्हाडी ऊन फसवे असते ते त्याच्या कोरडेपणामुळे. वैशाखातील तप्त वाऱ्यात घाम अंगावर दिसण्यापूर्वीच सुकून जातो. सदरा कोरडा राहतो व चालणाऱ्यास वाटते, आपणास घाम येतच नाही. वस्तुतः अशा उन्हात भरभर चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंतही पाणी घामावाटे निघून जाऊ शकते. कपाळावर व दुपट्ट्यावर उमटलेले मिठाचे पांढरे वळ हीच त्याची खूण. श्रावणात स्थिती उलट होते. हवा दमट असल्याने घाम निथळतो, परंतु सुकत नाही आणि म्हणून अंग थंडही होत नाही. ढगाळ दिवशी पाण्याची गरज कमी असते हा समज यासाठीच सोडावयास हवा.

तहानेवर विसंबून राहावे काय, हा खरा प्रश्न आहे. घरी, सावलीत, नेहमीच्या कामात असणाऱ्या निरोगी माणसाने तहानेचे ऐकले तरी बहुधा भागते. चालत्या यात्रेत तसे होत नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे एक ते दोन टक्के पाणी कमी झाल्यानंतरच तहानेची जाणीव स्पष्ट होते. साठ किलो वजनाच्या मनुष्यात ही तूट अर्ध्या लिटरहून अधिक, कधी एक लिटरहूनही अधिक भरते. म्हणजे घसा कोरडा पडेपर्यंत थांबणारा यात्रेकरू त्या वेळीच मागे पडलेला असतो. डोके जड होणे, चिडचिड, पायात गोळे येणे, पावले मंदावणे ही लक्षणे थकव्याची म्हणून सोडून दिली जातात. वृद्धांत तर तहानेची जाणीवच मंद होते. आजोबा पाणी मागत नाहीत याचा अर्थ त्यांना पाणी नको आहे असा घेऊ नये.

दिवसाला आठ पेले पाणी प्यावे असा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ बहुधा अमेरिकेतील आहारविषयक मंडळाच्या १९४५ मधील शिफारशीत असल्याचे मानतात. तीत प्रौढास दिवसाकाठी अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते आणि लगेच पुढे, यांपैकी बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, असेही नमूद केले होते. पहिले वाक्य जगभर पोहोचले, दुसरे मागेच राहिले. वरण, ताक, फळे, चहा या सर्वांतून शरीरास पाणी मिळत असते. कोरडी भाकर व झुणका यांवर दिवस काढणाऱ्यास अर्थातच वरून अधिक प्यावे लागते. तेव्हा पेले मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहणे अधिक विश्वासार्ह होय. फिकट, गवती रंग असल्यास पाणी पुरेसे आहे; गडद पिवळा असल्यास कमी पडते आहे. सहा-सात तास लघवीस जावेसे वाटलेच नाही, तर ती सूचना समजावी. उन्हात चालताना दर पंधरा ते वीस मिनिटांनी अर्धा ते एक पेला पाणी, घोट घोट, हे सामान्य प्रमाण पुरेसे आहे. एका दमात दोन तांबे रिचवून पुढे दोन तास कोरडे चालणे हितकारक नाही.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. अनेक स्त्री-भाविक यात्रेत जाणूनबुजून पाणी कमी पितात, कारण वाटेत शौचालय नसते किंवा असले तरी वापरण्याजोगे नसते. मूत्रमार्गाचा दाह, जळजळ व ताप हे त्याचे नेहमीचे परिणाम होत. याचा दोष त्या भगिनींकडे मुळीच जात नाही. दिंडीच्या चालकांनी मुक्काम ठरविताना भोजनाच्या सोयीइतकाच या सोयीचाही विचार आधी करावा, म्हणजे पाणी प्या असे सांगण्याचा अधिकार त्यांना येईल.

पाणी किती प्यावे याइतकेच कोणते प्यावे हेही वऱ्हाडात महत्त्वाचे आहे. सातपुड्यात उगम पावून पश्चिमेस तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. आठशेहून अधिक गावे त्यात येतात. सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांमधील या खोलगट भागात गाळाचे जाड थर साचले असून त्यांतून पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो. भूजलात सोडियम, क्लोराइड व बायकार्बोनेट यांचे प्रमाण वाढते. दिसावयास हे पाणी नितळ असते. डाळ त्यात लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि माठाच्या पाठीवर पांढरा लोणा फुलतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसल्यास २,००० पर्यंत चालवून घ्यावे. या पट्ट्यातील कित्येक विहिरी व कूपनलिका ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. मूत्रपिंडाच्या विकारांविषयी येथील गावांत दीर्घकाळ चिंता व्यक्त होत आली आहे, ती याच पाण्यामुळे.

वाण धरणावरील ८४ खेडी योजना, दर्यापूर-अंजनगाव भागातील शहानूर धरणाची योजना, काटेपूर्णेवरील खांबोरा योजना अशा प्रादेशिक नळयोजनांमुळे अनेक गावांत गोडे पाणी पोहोचले आहे. यात्रेकरूने गावात शिरताच 'नळाचे पाणी कोणते आणि बोअरचे कोणते?' एवढे विचारून घ्यावे. गावकरी ते आनंदाने सांगतात. खारे पाणी उकळल्याने गोडे होत नाही. उकळल्याने जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे किंचित दाटच होतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार नव्हे. क्षार कमी करावयाचे तर आरओ यंत्रच लागते. बाजारातील जारचे पाणी थंड असते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. बंद बाटली घेताना झाकणाची मोहर व एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहावा. खाऱ्या पाण्यातून घामाचे मीठ भरून निघेल अशीही एक समजूत कानी येते. ती चुकीची आहे. अशा पाण्यात क्षारांचे प्रमाण शरीरास हवे तसे नसते, साखर तर नसतेच. क्वचित त्याने जुलाबच होतात.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, हे मात्र खरे. केवळ साधे पाणी लिटरामागून लिटर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते व गळून गेल्यासारखे होते. प्रसंगी गुंगी व झटकेही येतात. म्हणून दीर्घ चालीत ताक, मीठ-गूळ घातलेले कैरीचे पन्हे किंवा लिंबू-सरबत मधूनमधून घ्यावे. जुलाब वा उलट्या झाल्यास ओआरएसची पुडी सर्वोत्तम. ती मोजून एक लिटर पाण्यातच विरघळवावी. पेल्यात अर्धी पुडी टाकण्याची सवय घातक आहे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ, गोड्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. या साध्या पेयाची शक्ती १९७१ साली जगास दिसली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आला.

कावडयात्रेतील तरुणांसाठी हे विशेष सांगणे आहे. १९४४ च्या अवर्षणात काही भक्तांनी गांधीग्राम येथून पूर्णेचे जल आणून अकोल्याच्या श्री राजराजेश्वरास अभिषेक केला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली, असे सांगतात. सतरा-अठरा किलोमीटरची ही वाट खांद्यावर भार घेऊन चालावयाची असते. कावडीतील जल महादेवाचे, त्यास कोणी ओठ लावणार नाही. पण म्हणून वाहणाऱ्याने स्वतः कोरडे राहावे असा कोठेही दंडक नाही. पिण्याची बाटली वेगळी बांधावी. उपवास असल्यास तो अन्नाचा ठेवावा. मधुमेह असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी व वृद्धांनी यात्रेच्या दिवशी निर्जळी करूच नये. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे वैद्यांनी पाणी मोजून प्यावयास सांगितले आहे, त्यांनी मात्र या लेखातील प्रमाण न धरता वैद्यांचेच ऐकावे.

वाटेवरील पाणपोया ही या प्रांताची जुनी पुण्याई. तहानलेल्यास पाणी हे कलम संत गाडगेबाबांनी आपल्या दहा कलमी संदेशात अन्नाच्या लगोलग घातले. ज्या ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी सेवेस आरंभ केला, ते क्षेत्रही पूर्णेच्याच काठी, याच खाऱ्या मुलखात आहे. पाणपोईवर रांजण झाकलेला असावा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, रांजणात पेला वा हात बुडवू नये आणि रांजण रोज घासून नव्याने भरावा. बाबांच्या हाती खराटा असे, हे पाणपोई चालविणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

एखादा सहयात्री बरळू लागला, अंग तापून चटके बसू लागले, चालता चालता कोसळला, तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवावीत. पूर्ण शुद्ध असल्यासच घोट घोट पाणी द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात तीर्थदेखील घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडणे थांबवू नये.